तिघांना तीन खेळ हवेत, रविवार एकच

ताई, आम्ही भुसावळचे पाच जण. वर्षभर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा भूमिकाखेळ खेळलो, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच असतो. आता सगळ्यांना महाकाय रोबो चालवायचे आहेत, पण खेळ कोणता घ्यायचा यावर गाडी अडलीय. मला लॅन्सर हवा. एक मित्र फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आहे, तो बॅटलटेकशिवाय दुसरं काही ऐकत नाही. मावसबहीण कॉलेजपासून एकांकिका करते. ती म्हणते बीम सेबर घ्या, नाहीतर मी येत नाही. चौथा रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, त्याच्या ड्युटीचा काही भरवसा नाही. पाचवा यावलकडचा, घरची केळी आहे. त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा, आणि त्याचा मोठा भाऊ फौजेत आहे. पैसे वर्गणीतून काढणार, म्हणून एकच खेळ विकत घेता येईल. कोणता घेऊ?
– भुसावळचा एक वाचक

भाऊ,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. सॅल्व्हेज युनियन घे. हे नाव तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि तिघांचं भांडण मिटावं म्हणून मी चौथं नाव पुढे करतेय असंही नाही. तुझ्या पत्रात रोबोंबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, बाकी सगळं पत्र माणसांबद्दल आहे. खेळ त्या माणसांकडे बघूनच ठरवायला हवा.

रोबोंचे खेळ चित्रांवरून निवडले की फसगत होते. मुखपृष्ठावर सगळीकडे तेच असतं: इमारतीएवढं यंत्र, खांद्यावर तोफ, पायाशी धुरळा. खरा फरक पडतो तो तीन तास टेबलाशी बसून तुम्ही काय करता यात. एका खेळात नकाशावरची घरं मोजता, दुसऱ्यात वहीत वजनांच्या बेरजा करता, तिसऱ्यात एकमेकांची मनं धुंडाळता, चौथ्यात भंगार वेचून पोट भरता. तुमच्या तिघांचं भांडण या फरकावरून आहे, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तुझ्या लॅन्सरपासून सुरुवात करते. मिगेल लोपेझ आणि टॉम पार्किन्सन-मॉर्गन यांचा हा २०१९ सालचा खेळ. या प्रकारात डावपेचांचा सगळ्यात बांधेसूद खेळ कोणता असं कोणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन. षटकोनी घरांचा नकाशा, प्रत्येकाला सुरुवातीला एव्हरेस्ट नावाचा साधा, भरवशाचा मेक (म्हणजे आत बसून चालवायचा महाकाय रोबो), आणि मग दर मोहिमेनंतर लायसन्सची एक पायरी वर, अशा बारा पायऱ्या. चार कंपन्यांचे सुटे भाग एकमेकांत मिसळून आपलं यंत्र बनवायचं. एकीचा सांगाडा, दुसरीची तोफ, तिसरीचं हॅकिंग. यंत्राला एकाच फटक्यात मरण नाही: स्ट्रक्चर (सांगाड्याची ताकद) चार, स्ट्रेस (रिअ‍ॅक्टरची सहनशक्ती) चार, आणि एकेक तुटताना काय बिघडलं ते फासा सांगतो. वीस बाजूंचा फासा तुमच्या हाताखालचाच आहे. अनुकूल परिस्थिती असेल तर सोबत सहाचे फासे टाकून त्यातला सगळ्यात मोठा आकडा वीसच्या फाशात मिळवायचा, एवढंच नवीन. डन्जन्स अँड ड्रॅगन्समधून आलेल्याला हा खेळ लवकर हाताशी येतो.

मग नको का म्हणते? लॅन्सरमधली लढाई हजेरीवर चालते. कोण पुढे उभं राहून मार झेलणार, कोण लांबून मारणार, कोण दुरुस्ती करणार, हे ठरवून यंत्रं बांधलेली असतात, आणि समोरचं सैन्य तू तेवढ्या यंत्रांच्या हिशोबाने रचतोस. मार झेलणारं यंत्र तुमच्या लोको पायलटचं असलं आणि रविवारी सकाळी त्याला ड्युटीचा कॉल आला, तर तुझी शनिवारची सगळी रचना वाया जाते. एकदा झालं तर चालतं. पण तूच लिहितोस की त्याच्या ड्युटीचा भरवसा नाही, म्हणजे हे नेहमीचंच होणार. दुसरी अडचण वाचनाची. प्रत्येकाला आपल्या यंत्रावरच्या प्रत्येक भागाचा नियम स्वतः माहीत असावा लागतो, आणि पायरीगणिक हे भाग वाढत जातात. कॉम्प-कॉन नावाचं एक उत्तम मोफत साधन त्यासाठी आहे, ते सगळा हिशोब ठेवतं. पण ते इंग्रजीतच आहे आणि ज्याने-त्याने आपल्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उघडून बसावं लागतं. यावलच्या मित्राची पाळी आली की चौघं त्याच्या पडद्यात डोकावून त्याला काय करायचं ते सांगणार. तो खेळतोय असं त्याला वाटणारच नाही. आणि मावसबहिणीसाठी तिथे फारसं काही नाही. यंत्रातून उतरलेल्या माणसासाठी मूळ पुस्तकातले नियम थोडके आहेत, लिहिणाऱ्यांचा जीव लढाईत आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्या फायद्याची. लॅन्सरच्या पुस्तकाची खेळाडूंसाठीची आवृत्ती मोफत मिळते. विकतच्या आवृत्तीत गेम मास्टरचा भाग आणि शत्रूंची यंत्रं असतात. तेव्हा वर्गणीला हात न लावता तू ते उतरवून घे, वाच, एव्हरेस्ट बांधून बघ. तुझी हौस थांबवायचं काही कारण नाही.

बॅटलटेकबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे मुद्दा सरळ आहे. हा खेळ १९८४ साली बॅटलड्रॉइड्स या नावाने आला. ‘ड्रॉइड’ शब्दावर स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मचा हक्क निघाल्याने पुढच्या वर्षी नाव बदललं. मुळात तो पटावरचा युद्धखेळ आहे. दोन बाजू, षटकोनी नकाशा, दोन फाशांची बेरीज, आणि कागदावर यंत्राच्या प्रत्येक अवयवावर चिलखताचे छोटे गोल, जे मार बसेल तसे काळे करत जायचे. तोफा डागल्या की यंत्र तापतं, फार तापलं की बंद पडतं. तुझ्या वर्कशॉपवाल्या मित्राला ते का आवडतं हे मला पक्कं कळतं: तिथे यंत्र खरोखर यंत्रासारखं वागतं, त्याला वजन आहे, त्याच्या डाव्या गुडघ्याला किती पत्रा उरलाय हे मोजता येतं. पण पाच जणांनी मिळून एक गोष्ट रंगवायची असेल तर त्यासाठी मेकवॉरियर हा वेगळा भूमिकाखेळ घ्यावा लागतो, आणि मग दोन नियमपुस्तकं सांभाळत बसायचं. त्याला सांग, बॅटलटेकचे सुरुवातीचे नियम मोफत मिळतात. एखाद्या संध्याकाळी तू आणि तो, दोघंच बसा, पुठ्ठ्याचे तुकडे कापून मोहरे करा आणि खेळा. तो खेळ दोघांत खुलतो. रविवारच्या बैठकीवर तो लादू नका.

बीम सेबरवर मात्र थांबून बोलायला हवं.

ऑस्टिन रॅम्झीचा हा खेळ मला फार जवळचा वाटतो. एक न संपणारं युद्ध आहे, त्यात तुम्ही सगळे एकाच तुकडीतले पायलट. मोहिमेवर जायचं, परत यायचं, आणि परत आल्यावर जे होतं तेच खरं: कोण कोणावर विश्वास ठेवतो, कोणाला कोणाबद्दल काय वाटतं, कोण आतून किती खचलंय. फासे साधे सहाचे, मूठभर टाकायचे आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा: ६ आला तर फत्ते, ४-५ आला तर काम होतं पण भोगावं लागतं, त्याखाली आला तर संकट. एकांकिका करणाऱ्या मुलीला हा खेळ का हवा हे सांगायला नको. तिची निवड उत्तम आहे.

पण यावलच्या मित्राचा भाऊ फौजेत आहे हे तू पत्राच्या एका कोपऱ्यात लिहून पुढे गेलास. मी तिथेच अडकले. ज्या घरात रात्री फोन वाजला की सगळे दचकतात, त्या घरातला मुलगा रविवारी बसून युद्धात खचणाऱ्या सैनिकाची भूमिका करणार. कदाचित त्याला ते हलकं वाटेल, कदाचित मन मोकळं होईल. कदाचित तो काहीच बोलणार नाही आणि दोन-तीन रविवारांनी ‘शेतावर काम आहे’ म्हणून यायचा बंद होईल. आपल्याकडची मुलं अशा वेळी तोंडाने नाही म्हणत नाहीत. म्हणून त्याला विचार, पण चौघांसमोर नको, टेबलावर नको. गाडीवरून येता-जाताना, दोघंच असताना विचार. आणि प्रश्न असा विचार की त्याला ‘नको’ म्हणणं सोपं जाईल: ‘लढाई-फौज सोडून दुसरं काही घेऊ का रे?’ तो म्हणाला की मला चालतं, तर बीम सेबर पुढे कधीतरी जरूर खेळा. पण पहिला खेळ म्हणून मी तो सुचवणार नाही.

आता सॅल्व्हेज युनियन. लेलाइन प्रेसने २०२३ मध्ये काढलेला खेळ. जग मोडून पडलंय. शहाण्यासुरत्या बड्या कंपन्या आपापल्या बंदिस्त नगरांत राहतात, आणि बाहेर ओसाड मुलखात तुमच्यासारखे लोक युनियन क्रॉलर नावाच्या चालत्या-फिरत्या वस्तीत. क्रॉलरला चालू राहायला भंगार लागतं. म्हणून तुम्ही मेक घेऊन बाहेर पडता, जुन्या जगाचे सांगाडे उघडता, हाती लागेल ते उचलून परत येता. लढाई होते, पण ती पोटासाठी.

नियम किती हलका आहे ते एका प्रसंगातून दाखवते. समजा हतनूर धरणाच्या खाली, तापीच्या गाळात एक मोठं जनरेटर अर्धं रुतलंय. यावलचा मित्र म्यूल नावाचं ओझी वाहणारं यंत्र घेऊन तिथे उभा आहे. तू विचारतोस, ‘आता काय करशील भो?’ तो म्हणतो, साखळी बांधून ओढतो. वीसचा फासा पडतो: ८. त्यात काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही. २० म्हणजे झकास, ११ ते १९ म्हणजे जमलं, ६ ते १० म्हणजे जमलं पण दोन अडचणींतली एक पत्करायची, २ ते ५ म्हणजे फसलं, आणि १ म्हणजे सगळंच अंगावर आलं. त्याचे ८ आहेत, तेव्हा तू दोन अडचणी पुढे ठेवतोस: जनरेटर निघेल, पण साखळी तुटेल, किंवा साखळी राहील, पण आवाजाने काठावरच्या टोळीला पत्ता लागेल. त्याला दोन्ही नकोत. मग तो यंत्राला ताण देतो: अंगावर २ हीट (यंत्र किती तापलंय त्याचा आकडा) घेऊन फासा पुन्हा टाकतो. १४. जनरेटर सुटलं, साखळीही शाबूत. पण हीट वाढली की परीक्षा आली. वीसचा फासा पुन्हा टाकायचा, आणि आकडा अंगावरच्या हीटइतका किंवा त्याहून कमी आला तर रिअ‍ॅक्टरचं काय होतं ते तक्त्यात बघायचं. त्याची हीट ५ झालीय. फाशावर ४.

या क्षणी टेबलाभोवतीचे पाचही जण उभे राहतात, आणि त्यातल्या एकानेही नियमपुस्तक उघडलेलं नसतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चढावर बोनेट उघडून उभा राहिलेला टेम्पो ज्याने पाहिलाय, त्याला हीटचा नियम समजवायला इंग्रजी लागत नाही.

तुझ्या प्रत्येक माणसाला इथे काही ना काही मिळतं. वर्कशॉपवाल्याला भंगार मिळतं, आणि ते नुसतं पैशासारखं मोजायचं नाही. यंत्रांना आणि भंगाराला एक ते सहा अशा तंत्रज्ञानाच्या पातळ्या आहेत, यंत्रावर सिस्टिम आणि मॉड्यूल बसवायच्या मोजक्या जागा आहेत. आणलेल्या मालातून काय बनवायचं, काय दुरुस्त करायचं, काय काढून दुसऱ्याच्या यंत्राला द्यायचं, हा हिशोब त्याच्याकडेच सोपव. तो दिवसभर हेच काम करतो आणि तरी रविवारी त्याला हेच करायचंय, यातच त्याची त्या कामावरची माया दिसते. इंजिनिअरची भूमिका त्याचीच.

मावसबहिणीला क्रॉलर दे. त्यातल्या प्रत्येक विभागाला सांभाळणारं एक माणूस असतं: कँटीनचं, दवाखान्याचं, यंत्रशाळेचं, व्यापाराचं. ही माणसं कोण, ती कुठून आली, कोण कोणाशी बोलत नाही, हे तिला ठरवू दे. मोहिमेनंतर परत आल्यावर अर्धा तास फक्त तिथला, फासे न टाकता. ‘नाहीतर मी येत नाही’ हे ती रागाने बोलली असली तरी त्यात तिचं म्हणणं आहे: मागच्या वर्षभरात तिला बोलायला जागा कमी मिळाली असावी. तिला वेगळं गाठून हे विचार.

लोको पायलटसाठी तर हा खेळ बेतल्यासारखा आहे. नियम एकच पाळ: प्रत्येक बैठक क्रॉलरवरून सुरू कर आणि क्रॉलरवर संपव. मोहीम अर्धवट सोडून घरी जायचं नाही. वेळ कमी पडला तर मोहीम छोटी कर. मग ज्या रविवारी तो नसेल त्या रविवारी त्याचं यंत्र दुरुस्तीला लागलेलं आहे, बस. कोणाला काही जुळवावं लागत नाही, आणि तो आल्यावर ‘मागे काय झालं’ म्हणून तासभर जात नाही.

जग मात्र परक्यांचं ठेवू नकोस. पुस्तकातल्या कंपन्या आणि नियम राहू देत, मुलूख आपला घे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी, आणि क्रॉलर सातपुड्याच्या पायथ्याने हळूहळू सरकतोय. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात, पण तिथे आधीच कोणीतरी राहतंय. भुसावळचं रेल्वे यार्ड म्हणजे तर भंगाराचा खजिना: गंजलेली इलेक्ट्रिक इंजिनं, वाघिणींच्या रांगा, कोसळलेल्या ओव्हरहेड तारा. जळगावकडच्या एखाद्या जिनिंग मिलच्या पत्र्याखाली काय दडलंय कोणाला माहीत. तुमच्यातल्या प्रत्येकाने ही ठिकाणं पाहिलीत, त्यामुळे तुला वर्णनं करत बसावं लागणार नाही. ‘दीपनगरची चिमणी’ म्हटलं की पाचही जणांच्या डोळ्यांपुढे तीच चिमणी उभी राहते. लॅन्सरच्या हजारो वर्षांपुढच्या ताऱ्यांच्या जगात हे होत नाही.

इंग्रजीचं सांगते. पुस्तक तू एकटाच वाच. मग एका कागदावर मराठीत पाच निकाल, हीटची परीक्षा आणि ताण देण्याचा नियम एवढंच लिही आणि टेबलाच्या मध्ये ठेव. यंत्रांची आणि भागांची नावं आहेत तशीच राहू दे. क्लच आणि बेअरिंग रोज बोलणाऱ्यांना ती अवघड नाहीत. यावलच्या मित्राचा यंत्राचा कागद त्याला स्वतःच्या हाताने मराठीत भरू दे, प्रत्येक भागापुढे तो काय करतो ते त्याच्याच शब्दांत. पाळी आली की त्याला नियम विचारू नकोस, तो काय करतो ते विचार, नियम तू शोध. बोलणं टेबलावर जसं येईल तसं: लेवा बोली, अहिराणी, मराठी, सगळं चालतं. अजून एक: हा कागद सगळ्यांसाठी आहे असंच सांग. त्याच्यासाठी वेगळा केलाय असं त्याला जाणवू देऊ नकोस.

तुझं काय जाईल तेही सांगते, नाहीतर हा सल्ला अर्धा राहील. सॅल्व्हेज युनियनमधल्या लढाया लॅन्सरच्या मानाने साध्या आहेत. घरं मोजून कोंडी करणं, तीन चाली पुढचा विचार, ते समाधान इथे मिळणार नाही. काही महिन्यांनी तुला त्याची भूक लागेल. तेव्हा ज्यांची सुटी पक्की आहे अशा तिघा-चौघांना घेऊन लॅन्सरची एकच मोहीम कर, खेळाडूंचं पुस्तक मोफत आहेच. फक्त ती दिवाळीत ठेवून लोको पायलटला गृहीत धरू नकोस; रेल्वेला दिवाळी नसते.

विकत घेताना पीडीएफच घे. छापील पुस्तक परदेशातून मागवलं की डाक आणि कस्टम मिळून वर्गणी त्यातच संपेल. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू कर, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. खेळाडूंचे कागद झेरॉक्सवाल्याकडे छापून आण, पुस्तक अख्खं छापायची गरज नाही. आणि एक मागणं: ती फाइल गावातल्या ग्रुपवर पाठवू नकोस. हे खेळ मोजकी माणसं मिळून करतात आणि एकेका प्रतीवर त्यांचा पुढचा खेळ उभा राहतो. तुमच्या टेबलावर तू वाचून दाखव, ते पुरेसं आहे.

हे चौघांना सांगताना मतदान घेऊ नकोस. तिघांची मतं तीन आहेत, मतदानाने एक जिंकेल आणि दोघं फुगून बसतील. सरळ सांग, तीन रविवार हा खेळून बघू, नाही जमला तर पुन्हा बसू. पहिली मोहीम भुसावळच्या यार्डातच ठेव, आणि त्याचा नकाशा तू काढू नकोस. लोको पायलटकडून काढून घे, कारण कोणती लाइन कुठे जाते आणि शेडमध्ये शिरायला मागून वाट कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्या रविवारी त्याला कॉल आला तरी बैठक रद्द करू नका. आधीच्या आठवड्यात चहाला गाठ आणि वहीच्या पानावर काढून घे.

– तुझी ताई